गृहतळ

कराराच्या मराठी प्रतीत ‘होम बेस’साठी ‘गृहतळ’ असा शब्द घातलेला होता. कोणा भाषांतरकाराने तो कुठून खणून काढला देव जाणे. वैमानिकांनी त्याची पोटभर टिंगल केली आणि मग सवयीने तेही तोच शब्द वापरू लागले. कॅप्टन शलाका परातेने तो वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा दौलतराव चहाची बशी खाली ठेवून हसले.

“गृहतळ कायले म्हणतात? सरळ डेपो म्हणा ना.”

दौलतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकात काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या लेखी जगात दोनच ठिकाणं होती, डेपो आणि मुक्काम. संध्याकाळची गाडी आडगावी जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पथारी पसरतात आणि पहाटे गाडी परत निघते. ती मुक्कामी गाडी. मुक्काम कुठेही पडो, गाडीवर नाव डेपोचंच असतं. बायको लवकर गेली, तेव्हा शलाकाला त्यांनी एकट्याने वाढवलं. सुट्टीच्या दिवशी तिला लुनावर बसवून सोनेगावला विमानतळाच्या कुंपणाशी न्यायचे, आणि विमान उतरताना दिसलं की तोंडाशी मूठ धरून पुकारायचे, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. मुंबई-नागपूर विमान फलाट क्रमांक एकवर लागत आहे.” ती पोरगी पुढे विमान चालवायला लागली यात नवल ते काय!

आता तिचा डेपो बदलत होता.

“मोठं विमान देऊन राहिले, बाबा. कमांडसकट. पण बेस व्हँकुव्हर,” ती म्हणाली.

दौलतरावांनी बशी उचलली आणि न पिताच परत ठेवली. “मंग सामान बांधा लागन.”

“नाही ना. घर इथंच राहणार. मीसुद्धा इथंच. फक्त माझं घड्याळ हलणार.”

हे समजायला जरा मेंदूत डोकवावं लागेल. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका असतो. त्या पेशींत काही प्रथिनं साठत जातात, एका पातळीला पोचली की स्वतःचंच उत्पादन थांबवतात, मग विरतात आणि पुन्हा साठू लागतात. या फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. झोप, भूक, अंगाची ऊब, लक्ष किती टिकेल, हे सगळं त्या दाण्याच्या हुकमावर चालतं. दाणा जरा मागेपुढे होतो, म्हणून रोजचा उजेड त्याला चावी देऊन ताळ्यावर आणतो. विमानाने अर्धी पृथ्वी ओलांडली की उजेड बदलतो, पण दाणा जुन्याच गावच्या वेळेला चिकटून राहतो आणि रोज तासभर सरकत नव्या गावाला पोचतो. तोवर बिचारा वैमानिक परतीच्या विमानात बसलेला असतो.

यावर उपाय निघाला. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एक जनुक लादून ते त्या पुंजक्यापर्यंत पोचवायचं. मग त्या पेशी उजेडाचं ऐकणं सोडतात आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेल्या एका चकतीचं ऐकू लागतात. चकती रोज ठरल्या वेळी रक्तात औषधाचा अंश सोडते. तिच्यावर जे गाव लावाल ते तुमच्या शरीराचं गाव. बाहेर काळोख असो की ऊन, शरीर त्याच गावची रात्र पाळणार. या प्रकाराला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. वैमानिक त्याला ‘खुंटी’ म्हणत. खुंटी हलवता येते, उपटता येत नाही. आणि खुंटीवरची झोप अशी की कानाशी ढोल वाजवला तरी माणूस कूस बदलत नाही.

लांबच्या उड्डाणावर विमान उतरवताना वैमानिकाच्या शरीरात दिवस असलाच पाहिजे, असा नियम झाला. प्रवाशांच्या दृष्टीने उत्तमच. घोळ झाला तो करारात. पूर्वी गृहतळ बदलला की कंपनी कुटुंबाची तिकिटं काढी, सामानाचा कंटेनर देई, नव्या गावात काही महिन्यांचं भाडं भरी, घर शोधायला सुट्टी देई. आता कंपनीचे वकील म्हणाले, घर हलतच नाही तर सामान कशाचं हलवायचं? वैमानिकांची संघटना भांड भांड भांडली. शेवटी कलमं राहिली, पण पार वाळून गेली. सामानाच्या जागी खिडक्यांना लावायचे जाड काळे पडदे मिळू लागले. घर शोधण्याच्या सुट्टीची जागा खुंटी रुळेपर्यंतच्या रजेने घेतली. आणि कुटुंबाच्या तिकिटांच्या जागी एक वाक्य आलं: वैमानिकावर अवलंबून असलेल्या एका व्यक्तीस, तिची इच्छा असल्यास, कंपनीच्या खर्चाने त्याच गृहतळावर हलवण्यात येईल.

शलाकाने ते वाक्य वाचलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात कशाला खुंट्या ठोकायच्या?

पडदे लागले. नागपुरात दिवेलागण झाली की तिला जाग यायची आणि भर दुपारी तिची मध्यरात्र सुरू व्हायची. चार-पाच दिवस उड्डाण, मग तितकेच दिवस घर. सकाळी दौलतराव तर्री-पोहे खात आणि समोर ती रात्रीचा वरण-भात कालवत बसे. स्वयंपाकाला येणाऱ्या सिंधूताईंना हे बघवत नसे. “एका घरात दोन देश करून ठेवले यांनी,” त्या कढईशी बोलत.

मग एका दुपारी दौलतराव न्हाणीत घसरून पडले. खुब्याला मार बसला, उठता येईना. न्हाणी आणि शलाकाची खोली यांच्यात एका विटेची भिंत होती. सिंधूताई संध्याकाळच्या पोळ्या लाटायला आल्या, तेव्हा ते ओल्या फरशीवर तसेच पडून होते आणि भिंतीपलीकडे शलाका गाढ झोपलेली होती.

हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब. शलाका उठली तेव्हा ते पलंगावर होते, खुब्याला शेक चालू होता.

“मला हाक का नाही मारली, बाबा?”

“मारणार होतो. मंग म्हटलं, झोपू दे पोरीले.”

सिंधूताई गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. “खोटं बोलून राहिले ते. घसा पाहा ना त्यांचा कसा बसला ओरडून ओरडून.”

शलाका तिथेच खाली बसली आणि रडली. आपण घरी असूनही घरी नसतो, हे तिला त्या बसलेल्या आवाजाने जितकं कळलं तितकं पडद्यांनी कळलं नव्हतं. मग तिला ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं.

“बाबा, तुम्हीही चला माझ्यासोबत.”

“कुठं?”

“व्हँकुव्हरला. इथंच राहून. मी झोपेन तेव्हा तुम्हालाही झोप येईल, मी उठेन तेव्हा उठाल. मागे कोणी जागं राहणार नाही, कोणी पडणार नाही.”

दौलतरावांनी खुब्यावरची शेकाची पिशवी सरकवली. “सकाळी चौकात बसाले जाता येईन का? आमची एसटीची मंडळी येते तिथं.”

“येईल की. ती आपली संध्याकाळ असेल.”

“बरं. आन् नाही बसली खुंटी तर?”

तिने खरं तेच सांगितलं. वय झालं की त्या पुंजक्यातल्या पेशी विरळ होतात. भिंतच पोकळ असेल तर खुंटी ठरत नाही. “नाही बसली तर मी बेस सोडेन. तसा हक्क आहे करारात, मूळ गृहतळावर परत यायचा. तुम्हाला असं एकटं टाकून मी नाही राहणार.”

“मंग मोठं विमान?”

“ते जाईल. दुसऱ्या कोणाला मिळेल.”

“परत नाही भेटणार?”

“या जन्मी तरी नाही,” ती हसून म्हणाली. “जाऊ दे ना, बाबा. विमान काय, लहान असलं तरी उडतंच.”



कंपनीच्या दवाखान्यात खुंटी ठोकली गेली. महिन्याभराने ती बसली की नाही ते रक्त तपासून ठरायचं होतं. नेमकी तेव्हा शलाका उड्डाणावर होती. दौलतराव एकटेच ऑटो करून जाऊन आले. तिने व्हँकुव्हरहून फोन केला.

“काय म्हणाले?”

“बसली म्हणे. एकदम पक्की.”

त्यानंतरचं वर्ष शलाकाच्या आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं वर्ष होतं. दिवेलागणीला ती डोळे चोळत बाहेर यायची, तो बाबा व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीत स्वेटर घालून ताठ बसलेले असायचे, चहा तयार. सगळा मोहल्ला निजला की या घरात दिवस भरात यायचा. ती त्यांना ध्रुवाजवळच्या आकाशात हलणारे हिरवे पडदे कसे दिसतात ते सांगायची. ते तिला एटापल्लीच्या रस्त्यात अस्वल आडवं आल्याने अडकलेल्या गाडीची गोष्ट सांगायचे. तिच्या आईबद्दल ते आजवर कधी बोलले नव्हते, ते आता बोलले. उजाडताना दोघं जेवत. मग ते काठी टेकत चौकात जाऊन येत, आणि ऊन चढलं की दोघं आपापल्या खोलीत जाऊन दारं लावत. लग्न टिकलं नाही, मूल झालं नाही, पण बाप असा मिळाला, असं तिला त्या दिवसांत फार वाटे.

एक गोष्ट तिने पाहिली होती. ते खुर्चीला कधी पाठ टेकत नसत.

“टेकून बसा ना, बाबा.”

“पाठ टेकली का ड्युटी गेली,” ते म्हणत. ही त्यांची जुनी डेपोतली बोली. रात्रपाळीत शेवटची गाडी आत आल्याशिवाय ते खुर्चीला पाठ लावत नसत. आलेल्या ड्रायव्हरला त्यांचा पहिला प्रश्न असे, जेवला का? शलाकाला त्यांच्या ताठ बसण्याचं कौतुकच वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी तिच्या चहात मीठ घातलं. दोघं हसले. पुढे ते चौकातून परतीची वाट चुकले. मग एका सकाळी जेवताना त्यांनी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि ती हसली नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे. तिनेही म्हटलं, वय आहे.

त्याच सुमारास कंपनीने व्हँकुव्हरचा गृहतळ बंद केला. मार्ग परवडेना, एवढंच कारण दिलं. करारानुसार शलाकाला मूळ गृहतळ परत मिळाला, नागपूर. विमान अर्थातच पूर्वीचं लहान. सोबत हलवलेल्या व्यक्तीलाही परत आणण्याची जबाबदारी कंपनीची होती. या वेळी मात्र ती बाबांना घेऊन स्वतः गेली. डॉक्टर नशीने त्या दवाखान्यात नव्याने आले होते. त्यांनी दोन वेळा रक्त घेतलं, दोन वेळा पडद्यावर पाहिलं.

“मॅडम, तुमची खुंटी हलवू. यांची हलवायची गरज नाही. ती नागपूरलाच आहे.”

“आधीच हलवली? कोणी?”

“हलवली नाही. ती बसलीच नव्हती. यांचं घड्याळ एक दिवसही नागपूरहून हललेलं नाही.”

शलाकाला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. “कसं शक्य आहे? वर्षभर आम्ही बरोबर उठतो, बरोबर झोपतो. मी घरी असते तेव्हा ते रात्रभर माझ्यासोबत बसतात.”

“बसले असतील. पण झोप मारून बसले,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “पहिल्या तपासणीतच कळलं असणार. त्यांना सांगितलं नाही कोणी?”

दौलतराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. ते न वळता म्हणाले, “सांगतलं होतं रक्त तपासणाऱ्या त्या पोराने. बसली नाही म्हणे. म्या म्हटलं, ठीक आहे, घरी सांगतो.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्यातल्या कडक खुर्चीतही त्यांनी पाठ टेकली नव्हती.

बाकीचं सिंधूताईंनी सांगितलं, पदराने डोळे पुसत. शलाका उड्डाणावर गेली की दौलतराव तिन्हीसांजेलाच पलंगावर पडत आणि सकाळपर्यंत हलत नसत. ती यायची म्हटलं की आदल्या दिवशीच चहा-साखर भरून ठेवायला लावत. ती घरी असली की दुपारी दार लावून पडत, पण झोप येत नसे. खिडकीशी बसून राहत. एकदा पुन्हा पडले होते, अंगणात. “कोणाले सांगशील तर कामावर येऊ नको, म्हणाले मले. बाप्पा, मी काय करू?”

झोपेत मेंदू आपली दिवसभराची घाण धुऊन काढतो, हे डॉक्टर नशीनेंनी तिला समजावलं. म्हाताऱ्या मेंदूला ती धुलाई रोजच्या रोज लागते. विसर कदाचित पडणारच होता, पण तो चालत आला असता. वर्षभराच्या जागरणाने धावत आला.

“आता नीट झोपले तर परत येईल का सगळं?”

“आहे ते टिकेल थोडं,” डॉक्टर म्हणाले. “गेलेलं नाही येत.”

खुंटी हलायला पंधरा-वीस दिवस लागतात. त्या दिवसांत शलाकाची झोप कुठल्याच गावाला नव्हती. अशाच एका सकाळी दौलतराव पोहे खाताना अगदी पूर्वीसारखे, स्वच्छ नजरेचे दिसले. तिने विचारून घेतलं.

“काहून नाही सांगितलं, बाबा?”

“सांगतलं असतं तर विमान गेलं असतं ना.”

“विमान गेलं असतं तर गेलं असतं! तुमच्यापेक्षा विमान मोठं होतं का मला?”

ओरडल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. त्यांनी पोह्यांवरची शेव वेचून तिच्या ताटलीत टाकली. ती लहान असताना असंच करायचे.

“सारं गाव झोपलेलं, आन् तू एकटी जागी. कोणाशी बोलली असती? मले रात्रपाळीची सवय आहे वं. तुले नाही.” मग ते म्हणाले, “मजा आली पण. होय ना?”

“हो बाबा. खूप मजा आली.”

“मंग झालं तर.”

त्यानंतर ते इतके स्वच्छ कधी दिसले नाहीत.

शलाकाचं शरीर नागपूरला परतलं. काळे पडदे तिने कैचीने कापून सिंधूताईंना पोतेऱ्याला देऊन टाकले. सकाळी उन्हात बसायचं, बाबांना हात धरून चौकात न्यायचं, दुपारी त्यांच्या पायांना तेल चोळायचं; वर्षभर ज्या गोष्टी हुकल्या त्या आता सगळ्या दिवसाढवळ्या करता येत होत्या. फक्त ज्याच्यासाठी करायच्या तो माणूस हळूहळू उठून चालला होता. कधी ते तिला सिंधूताई समजत, कधी पासच्या चौकशीला आलेली प्रवासी.

आणि दिवेलागण झाली की ते स्वेटर मागत. स्वेटर घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत ताठ बसत. जेवण तिथेच. पलंगावर चला म्हटलं की हात झटकत. खुंटी बसली नव्हती तरी वर्षभराची ती एक सवय तेवढी त्यांच्यात पक्की बसली होती. त्यांनी झोपावं म्हणून तिने गोळ्या दिल्या, दिवे मालवले, रागावून पाहिलं, पाया पडून पाहिलं. तिला घाई असायची, कारण तिच्या खुंटीची वेळ झाली की ती दगडासारखी झोपणार होती, आणि मग ते व्हरांड्याच्या पायरीवरून पडले तरी तिला कळणार नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या सिंधूताई रात्री येऊन झोपत, पण त्याही थकलेल्या.

एका रात्री जेवणं झाल्यावर ती त्यांच्या पायांशी बसली. “बाबा, चला ना आत. कोणाची वाट पाहून राहिले?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, पण अनोळखी बाईशी बोलावं तशी अदब होती.

“माही पोरगी येते, बाई. विमानावर आहे. तिची सकाळ आता होते.” ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, “इथं बसते ती. मी झोपलो तर तिच्याशी बोलणार कोण?”

शलाकाने मान खाली घातली. हातातली वाटी खाली ठेवली. डोळे जड होऊ लागले होते. खुंटी आपलं काम करत होती. मी शलाका, मीच ती, हे ती महिनाभर सांगत आली होती आणि दर वेळी ते ऐकून घेऊन पुन्हा रस्त्याकडे पाहू लागत.

ती उठली, अंगणात गेली, फाटकाकडे पाठ करून उभी राहिली आणि तोंडाशी मूठ धरली.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. व्हँकुव्हर-नागपूर मुक्कामी गाडी फलाट क्रमांक एकवर लागली आहे.”

दौलतरावांनी कान टवकारले. “लागली?”

“लागली, साहेब. डेपोत आली.”

“गाडीवर कोण आहे?”

“पराते.”

त्यांचा सगळा चेहरा उजळला. “माही पोरगी आहे ती,” ते तिलाच म्हणाले. मग लगेच काळजीने, “जेवली का ती?”

“जेवली.”

“नीट जेवली ना?”

“पोटभर जेवली, साहेब.”

तेव्हा दौलतरावांनी एक मोठा श्वास सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. थोड्या वेळाने तिने त्यांना हाताला धरून उठवलं आणि आत नेऊन निजवलं. पांघरूण घालताना त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं की पोरीला उठवू नका, लांबून आली आहे, झोपू दे. ती बरं म्हणाली आणि त्यांचा हात धरून पलंगाशी बसून राहिली, जेवढा वेळ बसता आलं तेवढा.